दिलीपचं आठवं कडं

ब्राँझला मरण नाही, दिलीप. राजा जातो, राज्य जातं, राजाचं नावही कुणाला ठाऊक राहत नाही. पण त्याच्या गळ्यातलं कडं अडीच हजार वर्षं मातीत पडून राहतं आणि बाहेर काढल्यावरही गळ्याचा आकार विसरत नाही.

तुझ्या पहिल्या सात कड्यांपैकी एकही पंधरवडाभर टिकलं नाही. पाच तर गळ्यापर्यंत पोचलीच नाहीत, पीळ देतानाच तडकली. तेव्हा वरचं वाक्य तुझ्याबद्दल नाही आणि माझंही नाही. ते क्नॅप यांचं आहे. मागच्या शुक्रवारी तुझ्या शवपेटीशेजारी उभं राहून त्यांनी ते कागदावरून वाचलं, मग कागद उलटा केला आणि मागच्या बाजूनेही वाचलं. लोकांनी डोळे पुसले. मला किळस आली. हे सांगायला हक्काचा माणूस एकच होता आणि तो पेटीत होता, म्हणून लिहून सांगतो आहे.

क्नॅपना तू ओळखतोस, पण त्या दिवशीचे क्नॅप तू पाहिले नाहीस. कुठल्याशा नगरपालिकेत घरांच्या बांधकामाचे परवाने देण्यात आयुष्य घालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर केल्ट झाला, म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी इथे राहणाऱ्या टोळ्यांतला. स्वतःच्या केल्ट-हौशी मंडळाचा अध्यक्ष झाला. काळ्या सुटावर त्यांनी बशीएवढी ब्राँझची पिन लावली होती. केल्टांची चौकड्यांची विजार घालून आले नाहीत याबद्दल मी मनातल्या मनात आभार मानले. नंतर कळलं, की विचार तोच होता, पण बायको गाडीची किल्ली देईना.

आणि तुझ्या गळ्यात ते होतं. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर, पिळाचं, दोन टोकांना दोन गोळे असलेलं कडं. पुस्तकांत त्याला टॉर्क म्हणतात आणि तू शेवटपर्यंत सरी म्हणत राहिलास. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. जवळ गेलो नाही. ते कडं तुझ्या गळ्यात असता कामा नये, एवढं मला तिथूनही कळत होतं, आणि त्या खोलीत ते फक्त मलाच कळतंय अशी माझी समजूत होती.

जर्मनीत, आखनमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात कचऱ्याच्या तीन बादल्या होत्या आणि काय कशात टाकायचं ते मला महिनाभर कळलं नव्हतं. तू शेजारच्या खोलीतला, माझ्याआधी वर्षभर आलेला. एके सकाळी बादल्यांवर तुझ्या अक्षरात मराठी चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या: ‘काच’, ‘कागद’, ‘सुधीर’. बाकीच्या देशांची मुलं पुढे वर्षभर तिसऱ्या, उरल्यासुरल्या कचऱ्याच्या बादलीला सुधीरच म्हणत. परक्या देशात माझं नाव पहिल्यांदा बरोबर उच्चारलं गेलं ते असं. त्यानंतर माझं घरभाड्याचं करारपत्र तू वाचलंस, माझा पहिला अर्ज तू दुरुस्त केलास, नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात तू आधी लागलास आणि मागोमाग मला ओढलंस. या कशाबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही. बोललो असतो तर तू म्हणाला असतास, ‘आल्झो, भाषण संपलं असेल तर जेवू या.’

सरी हा शब्द स्टुटगार्टच्या म्युझियममध्ये आला. तुझी मुक्ता तेव्हा नऊ वर्षांची होती आणि तिला शाळेने काहीतरी जुनं बघून यायला सांगितलं होतं. दालनात अंधार, काचेच्या पेट्यांमध्ये तेवढा उजेड, लोक देवळात आल्यासारखे कुजबुजत होते. अंधार केला की जुन्या वस्तूंचं वजन वाढतं. पाटीवर लिहिलं होतं, की हे सत्तेचं चिन्ह असावं, कदाचित धार्मिक उपयोगाचं. ज्या वस्तूचा उपयोग कळत नाही तिचा उपयोग धार्मिक असतो, हा पुरातत्त्वाचा पहिला नियम मी तुला तिथेच सांगितला. तुझं लक्ष नव्हतं. तू उकिडवा बसून पेटीच्या खालच्या बाजूने बघत होतास.

“सुध्या, ही तर सरी.”

“काय?”

“सरी रे. आईच्या ट्रंकेत होती. चांदीची, अशीच पिळाची.”

“केल्ट राजाच्या गळ्यात तुझ्या आईचा दागिना?”

“राजाला सांगू नकोस.”

मुक्ता तुझी बाही ओढत म्हणाली, “पापा, डू डार्फ्स्ट निश्ट.” काचेला टेकायला मनाई होती आणि पहारेकरी निघालेलाच होता.

पुढच्या दालनात होखडॉर्फच्या टेकडीखाली सापडलेल्या राजाची हकीकत होती. त्याला पुरताना त्याच्या जोड्यांना सोन्याचे पत्रे लावले होते, आणि लावणाऱ्यांनी डाव्याचे उजव्याला आणि उजव्याचे डाव्याला लावले. तू इतका हसलास, की दोन म्हाताऱ्या दालन सोडून गेल्या. “शिफ्ट सुटायची वेळ झाली असणार,” तू म्हणालास. मी म्हणालो, मेलेल्याचे पाय कोण तपासतो? त्यावर तू एकदम गंभीर झालास. “ज्याने पत्रे ठोकले त्याला कळलं असणार. एवढे मोठमोठे लोक रडायला उभे, म्हणून गप्प बसला असणार.”

तिथून आपला वाद सुरू झाला तो संपला नाही. माझं म्हणणं, की हा पट्टा आहे. कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा सांगतो, की तो कुणाचा आहे; राजाच्या गळ्यातला सांगतो, की बाकीचे कुणाचे आहेत. त्यावरच्या वेलबुट्ट्या, ते डोळे वटारलेले चेहरे, ती सगळी कला म्हणजे पट्ट्याला लावलेली झूल. तू माझं म्हणणं कधी खोडलं नाहीस, हाच मला त्यात सगळ्यात संताप आणणारा भाग होता. तू म्हणायचास, “गेनाऊ, बरोबर. असेल. पण पीळ बघ. शेवटपर्यंत एकसारखा आहे. राजाला काय घंटा कळणार होतं ते? करणाऱ्याने स्वतःसाठी केलंय.”

मग तू तळघरात करायला बसलास.

कारखान्यात तू गाड्यांच्या दारांचे साचे करायचास. वाकवलेला पत्रा सोडला की थोडा मागे येतो. किती येणार ते आधी हेरून साचा तेवढा जास्त वाकडा करायचा. इतकी वर्षं पत्रा तुझं ऐकत आला होता, तेव्हा ब्राँझही ऐकेल असं तू गृहीत धरलंस. पिळून पिळून ब्राँझ कडक होतं, मधे मधे तापवून मऊ करावं लागतं, हे कुठल्याही तांबटाला माहीत असतं. तुलाही माहीत होतं. पण तू तक्ता केलास, की अमुक जाडीच्या कांबीला तापवल्याशिवाय किती पीळ देता येतात. तक्ता सुंदर होता. पहिलं कडं एकविसाव्या पिळाला तुटलं. दुसरंही एकविसाव्याला. मग तू तक्ता सुधारलास आणि तिसरं एकोणिसाव्याला तुटलं. ही चूक फक्त इंजिनिअरच करू शकतो. अलकावहिनी वरून विचारायच्या, “अहो, काय तुटलं?” आणि तू खालून सांगायचास, “काही नाही, अंदाज.”

शेवटी भट्टीशिवाय भागणार नाही हे तू कबूल केलंस, आणि भट्टी क्नॅपांकडे होती.

ज्या उन्हाळ्यात फुटबॉलमुळे घराघरांवर आणि गाड्यांवर झेंडे लागले होते, त्या उन्हाळ्यात क्नॅपांच्या मंडळाचा केल्ट-उत्सव झाला. शनिवारची दुपार. तंबूखाली शिंगातून बिअर पिणारे विमा एजंट, लोकरीचा झगा घालून घामाने निथळणाऱ्या शिक्षिका. तू कारखान्याचा निळा डगला घालून गेला होतास, तेवढ्यावरून मला तुझा अभिमान वाटला. मग क्नॅपनी तुझी ओळख करून दिली: आर्यांच्या भूमीतून परत आलेला आपला भाऊ, एकाच रक्ताचा. टाळ्या पडल्या. या देशात ‘आर्य’ शब्दाला पूर्वी एकदा टाळ्या पडल्या होत्या आणि पुढे काय झालं ते जगाला ठाऊक आहे. मी तुझ्याकडे पाहिलं. तू हसत होतास.

सहावं कडं तुझ्याच गळ्यात तुटलं होतं, आता तुझ्या हातात सातवं होतं. ते कसं घालायचं, टोकं समोर न ओढता एक वर एक खाली अशी कशी फिरवायची, ते तू समजावून सांगत होतास. मी मागून हात वर केला आणि विचारलं, “याआधी किती मोडली?”

“सहा,” तू म्हणालास.

लोक हसले. क्नॅपना मंडळाची अब्रू राखायची होती. त्यांनी कडं तुझ्या हातातून घेतलं, “केल्टांचं काम असं मोडत नसतं,” म्हणाले, दोन्ही टोकं धरून दाराच्या झडपांसारखी उघडली, आणि ते मोडलं. आता लोक फारच हसले. तू क्नॅपांकडे पाहिलंच नाहीस. माझ्याकडे पाहिलंस.

परत येताना गाडी तू चालवत होतास.

“प्रश्न बरोबर होता,” तू म्हणालास. “जागा चुकीची होती.”

“तू हसलास कशाला? आर्य म्हणे.”

“त्याच्याकडे भट्टी आहे.”

“भट्टीसाठी आर्य व्हायचं?”

“अर्धा तास. सुध्या, तू बढतीसाठी आपल्या साहेबाच्या विनोदांना अकरा वर्षं हसलास. मी मोजत नव्हतो, पण अकरा.”

मी तुला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि उतरलो. तिथून शनिवारी तासाला एक बस होती. ती नुकतीच गेली होती.

त्यानंतर चार महिने आपण बोललो नाही. म्हणजे कँटीनमध्ये ‘माल्त्साइट’ म्हणायचो, पण दुपारच्या वेळी ते तर लोक भिंतीलाही म्हणतात. त्याच चार महिन्यांत ओशाळलेल्या क्नॅपनी तुला भट्टीची किल्ली देऊन टाकली आणि तू आठवं कडं केलंस. मी तिथे नव्हतो. मुक्ता होती. ती आता सोळा वर्षांची. तू मराठीत विचारायचास, ती जर्मनमध्ये मोजायची. दर पाच पिळांना ती ‘श्टॉप’ म्हणायची, तू कांब लाल होईपर्यंत तापवायचास आणि पुन्हा सुरुवात. एकोणचाळीस पीळ. एकही तडा नाही. तक्ता तू फाडलास की ठेवलास, ते तिला आठवत नाही.

तू आजारी पडलास तेव्हा फोन वहिनींचा आला, तुझा नाही. मी हॉस्पिटलात आलो. तू उशीखालून कारखान्यातलं निळं फडकं काढलंस आणि ते उलगडून कडं माझ्या हातात दिलंस. जड होतं. माफी मागायची ती वेळ होती. मी म्हणालो, “पीळ छान आलेत.”

“एकविसाव्याच्या पुढे गेले,” तू म्हणालास.

मग तू अगदी कामाचं बोलल्यासारखा बोललास. “एक सांगतो. हे अंगावर घालून मला जाळू नका. क्नॅपला ती हौस येणार, मला माहीत आहे. मुक्ताला द्यायचं. पीळ तिने मोजलेत.”

“वहिनींना सांग ना.”

“तिच्यासमोर मरणाचं काढलं की ती उठून कपडे धुवायला लागते. तू सांग. वेळ बघून.”

“सांगतो.”

सांगितलं नाही. त्यानंतरच्या पाच आठवड्यांत मी तुझ्या घरी तीनदा गेलो. तीनदा वहिनींनी विचारलं, “भावजी, चहा टाकू?” आणि तीनदा मी चहा प्यायलो. आयुष्यभर लोकांच्या भाषणांतली हवा काढण्यात मी स्वतःला हुशार समजत आलो, आणि एका बाईला एक साधं वाक्य सांगायला मला पाच आठवडे पुरले नाहीत. तू गेल्यावर तर ते वाक्य आणखीच अवघड झालं.

म्हणून शुक्रवारी तुझ्या गळ्यात कडं पाहिल्यावर मी तिसऱ्या रांगेत बसून राहिलो आणि भाषणं ऐकली. क्नॅप म्हणाले, की केल्ट सरदार आपल्या कड्यासह परलोकात जात, तसा आपला मित्र आज स्वहस्ते घडवलेल्या कड्यासह जात आहे. या धातूतली कला, म्हणाले, फक्त आपल्या पूर्वजांचे वंशजच ओळखू शकतात. तू ते केलंस त्याला तुझी मुलगी, भट्टी आणि सात मोडलेले तुकडे कारणीभूत होते, हे त्यांच्या कागदाच्या दोन्ही बाजूंना नव्हतं.

मग आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष सबनीस उठले. सबनीस आणि क्नॅप यांचं जगातल्या कुठल्याही गोष्टीवर एकमत होणार नाही असं मला वाटायचं. झालं. सबनीस म्हणाले, की केल्ट मुळात आपलेच, इकडून तिकडे गेलेले. आपल्या बायकांची सरी हा त्याचा पुरावा आणि दिलीपराव हे त्या पुराव्याचे संशोधक. तू हयात असताना गणपतीत दोनदा तुला स्टेजच्या वायरी जोडायला बोलावलं होतं, एवढाच मंडळाने तुझा लाभ घेतला होता. आता तुझा मरणोत्तर सत्कार झाला. शाल तुझ्या पायांवर पसरली, श्रीफळ शालीवर ठेवलं. ते घरंगळलं. सबनीसांनी ते पकडलं आणि पुन्हा ठेवलं. मग दोन्ही अध्यक्ष तुझ्या दोन बाजूंना उभे राहिले आणि दोन्ही मंडळांच्या पत्रिकांसाठी फोटो काढला गेला, कड्यावर उजेड नीट पडेपर्यंत तीनदा. पहिल्या रांगेत मुक्ता मांडीवरची सॅक दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि कुणाकडेच बघत नव्हती.

मला शिसारी आली. तुझ्या देहाचा त्यांनी खांब केला होता, दोघांचे दोन फलक लावायला. आणि त्यांना अडवायला जो माणूस नेमला होता, तो हातात छापील कार्यक्रमपत्रिका घेऊन बसला होता.

लोक कॉफी-केकला शेजारच्या खोलीत गेले. अंत्यविधीच्या कामाच्या फ्राऊ झाइत्स मागे थांबल्या होत्या. त्यांनी अदबीने वहिनींना विचारलं, “नारळ आत जाणार आहे का?”

“नाही,” वहिनी म्हणाल्या. “शालही नाही.”

आता नाही तर कधीच नाही असं वाटून मी पुढे झालो.

“वहिनी, मला एक सांगायचं राहिलंय. खूप आधी सांगायला हवं होतं. ते कडं—”

“खरं मुक्ताच्या सॅकमध्ये आहे,” वहिनी म्हणाल्या.

मी पेटीतल्या कड्याकडे पाहिलं.

“हे कारखान्यातल्या लोकांनी यांच्या पन्नाशीला गमतीत दिलेलं. कुठल्याशा म्युझियमच्या दुकानातलं. त्या दोघांचे चार चार फोन, की फोटोत कडं हवं. म्हटलं, घ्या. कोण जवळ येऊन बघतंय?” त्यांनी शालीची घडी घातली. “कडं मुक्ताला द्यायचं, असं तुम्हालाही बोलले होते ना?”

“हो.”

“हं. मला म्हणाले, सुधीरला सांगून ठेवलंय, पण तो सांगायचा नाही, म्हणून तुलाही सांगतो. आणि मी कपडे धुवायला उठले, तर मागून मुक्तालाही सांगितलं.”

कारखान्यात तू कुठलाही महत्त्वाचा भाग एका बोल्टवर कधी सोडला नाहीस. तीन ठिकाणी सांगितलंस, आणि त्यातला एक बोल्ट ढिला आहे हे धरूनच सांगितलंस. मला राग यायला हवा होता. पण तिसऱ्या बादलीवर नाव लिहिणाऱ्याला ती बादली कशासाठी आहे ते माहीत असतं. मग मला का सांगितलंस? मी आठ दिवस याचा विचार करतो आहे. मला वाटतं, हॉस्पिटलात त्या दिवशी तू मला काहीतरी काम दिलंस, कारण आपल्या दोघांनाही दुसरं काही बोलता येत नव्हतं. तेवढ्यासाठी तू काम वाया घालवलंस. तुझ्यासारख्या माणसाकडून हे थोडं नाही.

फ्राऊ झाइत्स म्हणाल्या, की दहनाच्या भट्टीत धातू चालत नाही, ते काढावं लागेल. त्या स्वतः काढतील, किंवा घरच्यांपैकी कुणी.

“भावजी, तुम्ही काढा,” वहिनी म्हणाल्या. “तुमचं काहीतरी राहिलंय.” आणि त्या मुक्ताला घेऊन बाहेर गेल्या. दारातून मुक्ता म्हणाली, “काका, विर वार्टन.” थांबतो आम्ही.

फ्राऊ झाइत्स भिंतीकडे तोंड करून फुलं नीट करू लागल्या. मी तुझ्याजवळ आलो. मी तुला जे म्हणालो ते इथे लिहीत नाही. दोन वाक्यं होती आणि त्यातलं एक क्नॅपांबद्दल होतं. मग मी तुझ्या मानेमागे हात घातला. तिथे एक छोटं लोहचुंबक होतं, ओढल्याबरोबर सुटलं. कडं पोकळ होतं, चमच्याहून हलकं. आतल्या बाजूला तीन भाषांत बारीक अक्षरांत छापलं होतं, की यात निकेल नाही आणि तीन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये.